रजा मिळाली, पण जागा?

मंडळी, बाळंतपणाची रजा किती, हे आता घरोघरी पाठ आहे. २६ आठवडे. पण रजा संपवून बाई कामावर परतली की काय, हे सांगणारं कलम फार थोड्यांनी वाचलंय. आणि ते आहे १९६१ सालचं!

सुरुवात मुंबई इलाख्यात झाली. आपलं बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगतो. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायकांच्या प्रसूतीभत्त्याचं बिल आलं. आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं सांगत डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये कायदा झाला.

मग १९६१ चा केंद्रीय कायदा. रजा तेव्हा १२ आठवड्यांची. त्यातलं कलम १२ महत्त्वाचं. बाई या रजेवर असताना, किंवा रजा घेतली म्हणून, तिला काढता येत नाही. रजेतच मुदत संपेल अशी नोटीस देता येत नाही. आणि तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. काढून टाकणं सगळ्यांना दिसतं, हा शेवटचा प्रकार मात्र गुपचूप चालतो.

ऐंशीच्या दशकात मी ज्या शाखेत होतो तिथंच हे झालं. आमची एक कॅशिअर तीन महिन्यांनी परत आली, तर काउंटरवर दुसराच माणूस. तिला टपाल आवक-जावकला बसवलं, म्हणजे कॅशिअरचा अलाउन्स गेला. साहेब म्हणाले, "बाळ लहान आहे, कॅशची जोखीम कशाला? तुमची सोयच केली." हे अगदी प्रेमानं बोलले हो! युनियनच्या सेक्रेटरीनं कायद्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं, तेव्हा काउंटर परत मिळालं, बुडालेला अलाउन्सही मिळाला. रक्कम मोठी नव्हती, पण तिनं पै न पै मोजून घेतली.

वरच्या कोर्टातही हे गाजलं. पहिल्या गरोदरपणात हवाईसुंदरीची नोकरी संपवायचा एअर इंडियाचा नियम सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्ये रद्द केला. नीरा माथूर प्रोबेशनवर एलआयसीत लागल्या, बाळंतपणाची रजा घेतली आणि त्यांना काढलं. कारण काय, तर फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली म्हणे. फॉर्ममध्ये विचारलं काय होतं? मासिक पाळीच्या तारखा! १९९१ मध्ये कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकानेच काढून टाकायला सांगितले.

परतल्यावरचे आणखी हक्क असे. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा त्याला पाजायला वेळ मिळतो. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर हवं आणि दिवसातून चारदा आईला तिथं जाता आलं पाहिजे, ही २०१७ च्या दुरुस्तीची भर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या आहेत. घरातल्या मुलीसुनांना एवढंच सांगा, टेबल बदललं, पगारातून काही गेलं, तर तोंडी बोलू नका. अर्ज द्या, तारीख घाला, पोच घ्या.

इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मंडळींनी आपल्याकडच्या गिरण्यांतल्या, शाळांतल्या आई-आज्यांना त्या काळी काय मिळत होतं ते खाली जरूर लिहावं.