बंदरातील आठ तास

आमचे एक स्नेही तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीस आहेत. त्यांनी यंदा आईवडिलांस कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या सहलीच्या जहाजावरून नेण्याचे योजिले, आणि आमचे स्नेही परवा एक लांबलचक यादी घेऊन आमच्याकडे आले. जहाज ज्या बंदरांत थांबावयाचे, तेथे उतरून करावयाच्या सफरींची ती यादी होती. एकेका बंदराच्या नावाखाली वीस-पंचवीस सफरी मांडलेल्या: कोठे तारेला लोंबकळत रानावरून जाणे, कोठे नळी तोंडात धरून पाण्याखालची प्रवाळे पाहणे, कोठे डॉल्फिनांबरोबर पोहणे, कोठे रमच्या भट्टीची फेरी, आणि प्रत्येकीपुढे तास व डॉलर. "सकाळी आठाला उतरावयाचे, चाराला परत जहाजावर. आठ तासांत एक देश पाहावयाचा! यांतले काय निवडू?" असे त्यांनी विचारले. आम्ही त्या समुद्रावर कधी गेलेलो नाही. आमचा त्या बेटांशी परिचय सगळा पुस्तकांतला. तथापि प्रश्न इतिहासाच्या शिक्षकाने विचारला होता, आणि यादी चाळता चाळता आमच्या ध्यानात आले की, या निवडीलाही एक इतिहास आहे. तो ठाऊक नसला तर आपण निवड करतो असे आपणांस नुसते वाटते, ती दुसऱ्याने आधीच करून ठेवलेली असते.

बोट बंदरात काही तास थांबावी आणि तेवढ्यात प्रवाशाने गाव पाहून यावे, ही चाल तिकडे पुष्कळशी केळ्यांमुळे पडली. लोरेन्झो डाऊ बेकर नावाच्या अमेरिकन कप्तानाने १८७० साली जमैकातून केळी आपल्या गलबतात घालून जर्सी सिटीस नेली व नफ्याने विकली. या व्यापारातून पुढे १८९९ साली युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. तिच्या बोटी पांढऱ्या रंगविलेल्या असत, कारण पांढऱ्या रंगावर ऊन कमी तापते व आतला माल लवकर पिकत नाही. केळ्यांच्या सोयीसाठी दिलेला हा रंग जाहिरातीत मात्र ऐषआरामाचा रंग ठरला, आणि याच बोटींवर उत्तरेकडील थंडीला कंटाळलेले प्रवासीही येऊ लागले. जमैकातील पोर्ट अँटोनियो येथे त्यांच्यासाठी टिचफील्ड हॉटेल होते. बोट थांबे ती मालासाठी; प्रवाशाने त्या वेळात गाव पाहावा, आणि डोक्यावर केळ्यांचे लोंगर घेऊन धक्क्याकडे जाणाऱ्या काळ्या बायांची रांग पाहावी. त्या रांगेची चित्रे टपालाच्या कार्डांवर छापून विकली जात. दुसऱ्याचे काबाडकष्ट हे आपल्या सफरीतले एक दृश्य होऊ शकते, हा शोध इतका जुना आहे.

केवळ सहलीसाठी बांधलेले पहिले जहाज म्हणून ज्याचे नाव घेतात, ते जर्मनांचे 'प्रिंझेसिन व्हिक्टोरिया लुईझे' १९०१ साली पाण्यावर फिरू लागले आणि त्याच समुद्रात १९०६ च्या डिसेंबरात संपले. किंग्स्टनच्या तोंडाशी कप्तानाने एका दीपगृहास दुसरे समजून जहाज खडकावर घातले. प्रवासी सगळे वाचले. कप्तानाने आपल्या खोलीत जाऊन स्वतःस गोळी घालून घेतली. पुढच्याच महिन्यात, १४ जानेवारी १९०७ रोजी, भूकंपाने ते किंग्स्टन शहरच कोसळले.

परंतु बोटीवरून देश पाहण्याचा खरा अनर्थ कोणता, हे समजण्यास दोन पुस्तके पुरेत. जेम्स अँथनी फ्रूड हा इंग्लंडचा नामांकित इतिहासकार. तो १८८७ च्या सुमारास वेस्ट इंडीजमध्ये हिंडला, आणि १८८८ साली त्याने त्या बेटांवर मोठा ग्रंथ लिहिला. गव्हर्नरांचे बंगले, मळेवाल्यांचे पाहुणचार, काही ठिकाणी तर आगबोट थांबली तेवढाच वेळ; एवढ्या सामग्रीवर काळ्या लोकांस स्वराज्य देणे कसे घातक आहे, हा निर्णय त्याने देऊन टाकला. त्रिनिदादमध्ये जॉन जेकब थॉमस नावाचा एक काळा शाळामास्तर होता. क्रिओल बोलीचे व्याकरण त्याने १८६९ सालीच प्रसिद्ध केले होते. त्याने १८८९ साली 'फ्रूडॅसिटी' हे पुस्तक लिहून या थोर इतिहासकाराच्या विधानांची एकेक करून झडती घेतली. त्याच वर्षी तो लंडनमध्ये वारला. आज फ्रूडचा तो ग्रंथ जो कोणी वाचतो, तो बहुधा थॉमसने त्याचे काय केले हे पाहण्यासाठीच वाचतो. आमच्या स्नेह्यांस आम्ही म्हटले की, तुम्ही मास्तर. आठ तासांत मत बनविण्याचा मोह तुम्हांसही होईल, तेव्हा या मास्तराची आठवण ठेवा.

आजच्या जहाजांची मोजदाद निराळी. १९६६ च्या डिसेंबरात मियामीहून 'सनवर्ड' नावाची बोट सहलीस सुटू लागली, तेथून या धंद्याची भरभराट झाली; २०२४ साली निघालेल्या सर्वांत मोठ्या जहाजावर सात हजारांहून अधिक उतारू मावतात. एवढी माणसे एका सकाळी लहानशा गावात उतरली तर त्यांनी जावे कोठे, याची व्यवस्था कोणीतरी आधी लावावीच लागते. ती कंपन्याच लावतात. जहाजावर विकल्या जाणाऱ्या सफरीच्या किमतीत त्यांचाही हिस्सा असतो. कित्येक कंपन्यांनी याही पुढे जाऊन बेटेच घेतली. बहामा बेटांतील ग्रेट स्टिरप के १९७७ पासून एका कंपनीचे आहे. तेथे गाव नाही, लोकवस्ती नाही, अर्थात इतिहास विचारण्यास माणूसही नाही.

हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर लाबादी म्हणून एक भूशिर आहे. ते रॉयल कॅरिबियन कंपनीने १९८६ पासून भाड्याने घेऊन कुंपण घातले. आत वाळू, खुर्च्या, झोके. कुंपणाबाहेर प्रवाशास सोडीत नसत. २०१० च्या जानेवारीत भूकंपाने हैतीची राजधानी जमीनदोस्त झाली, तेव्हा तीनच दिवसांनी सहलीचे जहाज लाबादीस लागले. जहाजातून मदतीचे सामानही आले होते, हे सांगितले पाहिजे. तरी त्या वाळूवर त्या दिवशी आडवे व्हावे की नाही, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झाला. २०२४ पासून देशातील अराजकामुळे हा थांबा वारंवार बंद पडला आहे. आम्हांस वाटते ते वैषम्य निराळे आहे. लाबादीपासून काही मैलांवर कॅप हेशियन, आणि त्याच्या दक्षिणेस सुमारे सत्तावीस किलोमीटरांवर, नऊशे मीटर उंचीच्या डोंगरावर, सितादेल हा किल्ला आहे. ज्यांनी गुलामगिरी स्वतःच्या हातांनी मोडली, फ्रेंच फौजेस १८०३ च्या नोव्हेंबरात व्हर्तियेर येथे हरविले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले, त्यांनी फ्रेंच परत येतील या धास्तीने तो बांधला. गुलाम म्हणून जन्मलेला आंरी क्रिस्तोफ हा त्याचा कर्ता. तो पुढे राजा झाला. फ्रेंच फौज आली नाही. १८२५ साली फ्रेंचांच्या युद्धनौका आल्या आणि गेलेल्या मळ्यांची व गुलामांची भरपाई म्हणून पंधरा कोटी फ्रँक मागून गेल्या. ती रक्कम पुढे कमी झाली, पण तिच्यापायी काढलेली कर्जे फेडता फेडता १९४७ साल उजाडले. देश दरिद्री का, असे कुंपणाआडून विचारणाऱ्यास उत्तर इतके जवळ होते! कुंपणाची उंची मात्र नऊशे मीटरांहून जास्त ठरली.

स्नेह्यांच्या यादीत पहिले बंदर होते जमैकाचे फाल्मथ. हे गाव १७६९ साली साखरेच्या व्यापारासाठी वसविले गेले. सहलीच्या जहाजांचा प्रचंड धक्का २०११ साली झाला. यादीत येथील पंधरावीस सफरी गावाबाहेरच्या. त्यांत एक रोझ हॉल नावाच्या वाड्याची. मळ्याची मालकीण ॲनी पामर ही चेटकीण होती, तिने तीन नवरे मारले, तिचे भूत वाड्यात फिरते, अशी कथा तेथे सांगतात. १९२९ साली डी लिसर याने या कथेवर कादंबरी लिहिली, तेव्हापासून तिला फार बळ आले. पुढच्या संशोधकांनी कागदपत्रे तपासून ती निराधार ठरविली. वाडा सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ज्या घरातून शेकडो गुलामांवर हुकमत चालली, तेथे जाऊन एका काल्पनिक बाईच्या भुतास भिऊन यावयाचे, हा प्रकार आम्हांस तरी चमत्कारिक वाटतो.

फाल्मथमध्ये धक्क्यावरून चालत जाण्याजोग्या अंतरावर विल्यम निब या पाद्र्याच्या नावाचे बॅप्टिस्ट चर्च आहे. १८३१ च्या नाताळात सॅम शार्प या गुलाम धर्मोपदेशकाने त्या भागात काम बंद पाडले. त्याचे बंड झाले, मळे पेटले, आणि शार्पला २३ मे १८३२ रोजी माँटेगो बे येथे फाशी दिले. निबचे प्रार्थनामंदिर मळेवाल्यांच्या पक्षाने पाडले. पण पुढच्याच वर्षी पार्लमेंटात गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा झाला. नुकसानभरपाई दोन कोटी पौंड, आणि ती मालकांस! ३१ जुलै १८३८ च्या रात्री पूर्ण मुक्ती आली, तेव्हा फाल्मथच्या लोकांनी एका शवपेटीत साखळी, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा घालून ती पेटी विधिपूर्वक पुरली. हा प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते. त्या गावात जाण्यास तिकीट लागत नाही, आणि म्हणूनच ते यादीत नव्हते.

येथे आमच्या वहिनी, ज्या इतका वेळ मुकाट्याने ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊजी, समुद्राकाठी इतक्या लांब जाऊन पाण्यात पायसुद्धा बुडवायचा नाही का?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर पुढच्याच बंदरात सापडले. क्यूरसाव हे डच बेट. त्याच्या पश्चिम टोकास क्निप म्हणून निळ्या पाण्याची एक चौपाटी आहे, आणि ती यादीत होती. त्या चौपाटीच्या वरच्या अंगास क्निप किंवा केनेपा नावाच्या मळ्याचा वाडा अजून उभा आहे. १७ ऑगस्ट १७९५ रोजी या मळ्यातील तुला नावाच्या गुलामाने सोबत्यांसह कामास नकार दिला. समजूत घालण्यास आलेल्या पाद्र्यास त्याने सांगितले की, फ्रेंचांनी आपल्या गुलामांस मोकळे केले, आणि आता हॉलंड फ्रेंचांच्या ताब्यात आहे, तर आम्ही मोकळे का नव्हे? या तर्कास पाद्र्यापाशी उत्तर नव्हते. ३ ऑक्टोबर रोजी त्याचे हाल हाल करून प्राण घेतले. २०१० साली बेटाने त्यास राष्ट्रवीर मानले, आणि २०२३ च्या ३ ऑक्टोबरला डच सरकारने त्याच्यावरील कलंक अधिकृतपणे धुऊन काढला. त्या वाड्यात तुलाच्या स्मरणार्थ संग्रहालय करण्यात आले. ते उघडे आहे की कसे, हे निघण्यापूर्वी विचारावे. वहिनींनी पाण्यात अवश्य उतरावे. आधी वाडा आणि मग पाणी, एवढा क्रम ठेवावा म्हणजे झाले.

आता व्यवहाराची गोष्ट, कारण इतिहासाच्या नादात जहाज चुकणे बरे नव्हे. जहाजाकडून घेतलेल्या सफरीस उशीर झाला तर जहाज थांबते. आपल्या पायांनी किंवा गावच्या मोटारीने गेलेल्यासाठी ते थांबत नाही. म्हणून फाल्मथ पायी, कारण धक्का डोळ्यांसमोर असतो. क्निप दूर, शहरापासून तासाभराच्या आतबाहेर, तेव्हा परतण्याच्या वेळेपूर्वी निदान दोन तास हाती ठेवून निघावे. घड्याळ जहाजाच्या वेळेस लावावे, बेटाच्या नव्हे. या दोन वेळा कधी कधी जुळत नाहीत. आणि एका बंदरी एकच गोष्ट. चार ठिकाणे दाखविणाऱ्या सफरीत मोटारीची खिडकीच जास्त पाहून होते.

उठता उठता स्नेह्यांनी त्रिनिदादची चौकशी केली. ते त्यांच्या मार्गावर नाही, आणि याची हळहळ आम्हांसच अधिक वाटली. 'फतेह अल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन ३० मे १८४५ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला लागले, आणि १९१७ पर्यंत सुमारे १,४३,००० हिंदी माणसे गिरमिटावर त्या एका बेटात गेली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, काही मद्रासकडची. मराठी माणूस त्यांत शोधून सापडावयाचा. पण त्या गिरमिटाविरुद्ध ४ मार्च १९१२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडणारा माणूस मराठी होता. नामदार गोखल्यांचा तो ठराव सरकारी मतांनी पडला. पद्धत बंद झालेली पाहण्यास ते राहिले नाहीत.

त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉटर्लू गावी, आईबापांबरोबर लहानपणी हिंदुस्थानातून आलेल्या शिवदास साधू नावाच्या मजुराने १९४७ साली साखर कंपनीच्या जागेवर एक देऊळ बांधले. १९५२ साली ते पाडण्यात आले व त्यास चौदा दिवसांची कैद झाली. जमीन कंपनीची, पण समुद्र कोणाचाच नाही, असे म्हणून सुटल्यावर त्याने ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड व माती नेऊन समुद्रात भर घातली, आणि पंचवीस वर्षे खपून तेथे पुन्हा देऊळ उभे केले. लाटांनी ते खचले. गिरमिटाच्या दीडशेव्या वर्षी, १९९५ च्या सुमारास, नव्याने बांधले गेले. भरतीत ते आजही पाण्याने वेढलेले असते.

स्नेह्यांनी हे ऐकून घेतले आणि यादीच्या पाठीवर 'वॉटर्लू' एवढे लिहिले. पोर्ट ऑफ स्पेनला थांबणारे दुसरे एखादे जहाज मिळेल काय, असे त्यांनी चिरंजीवांस विचारले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.