नारंज, नारिंग, संत्रा

डिसेंबर लागला की काटोल-वरूडच्या बागांचं पाणी तोडतात. झाडाला ताण देतात. जमीन भारी असेल तर महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं, पानांचं तेज उतरलं की जानेवारीच्या मध्याला ताण तोडायचा, पाणी सोडायचं. मग झाड पांढऱ्या फुलांनी भरून येतं. हा अंबिया बहार. मे महिन्यात ताण देऊन पहिल्या पावसावर फुलतो तो मृग बहार. बागाईतदाराच्या तोंडातली ही जोडी मला फार आवडते. एक शब्द आंब्याच्या मोहराचा किंवा पंचांगातल्या नक्षत्राचा, आणि त्याला खेटून बसलेला दुसरा थेट फारसीतला. बहार म्हणजे वसंत. 'बाग' फारसी. 'कलम' अरबी, तेही मुळात ग्रीकांकडून आलेलं, असं भाषापंडित म्हणतात. ज्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात ती जंबेरी मात्र संस्कृत जंबीराच्या घरची.

नागपुरात चहाच्या टपरीवर अधूनमधून एक वाद पेटतो: इस्लामने जगाला दिलं तरी काय? एक जण यादी सुरू करतो: अंक, बीजगणित, शस्त्रक्रिया, साखर, संत्री. दुसरा तीच यादी खोडत जातो. अंक आमचे, वैद्यक ग्रीकांचं, साखर आमची, संत्रीही आमचीच. त्यांनी फक्त उचललं. दोघांचीही यादी पाठ असते, त्यामुळे चहा थंड होतो आणि वाद तिथेच राहतो. मी यादीतली एकच वस्तू घेतो. ती आमच्या दारात पिकते, तिच्यावर शहराची ओळख उभी आहे, आणि 2014 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आधी नाव. चरकसंहितेत 'नागरंग' नावाचं फळ येतं. नाग नदीकाठच्या माणसाला इथे मोह होतो, पण तो आवरावा. त्या नागाचा आमच्या नागाशी काही संबंध नाही. बहुतेक भाषातज्ज्ञ या शब्दाचं मूळ द्राविडी भाषांत शोधतात. मल्याळममध्ये आजही लिंबाला 'नारंगा' म्हणतात. दक्षिणेतून संस्कृतात 'नारंग', तिथून फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', स्पॅनिशमध्ये 'नारांखा'. पुढे इटली-फ्रान्सकडे जाता जाता पहिला 'न' गळाला आणि 'ऑरेंज' झालं. म्हणजे इंग्रजी शाळेतलं पोर 'ओ फॉर ऑरेंज' घोकतं, तेव्हा ते मद्रासकडचाच एक शब्द अरबी वळसा घालून म्हणत असतं.

आता फळ. इथे एक साक्षीदार हाताशी आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलेला. बगदादचा अल-मसूदी हिजरी 304 च्या सुमारास, म्हणजे इ.स. 916च्या आसपास, कोकणात चौलला होता. तेव्हा तिथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. मसूदीने नंतर लिहिलेल्या ग्रंथात नारंजाची नोंद अगदी हिशेबी आहे: हे झाड हिजरी 300 नंतर हिंदुस्थानातून आणलं, आधी ओमानमध्ये लावलं, मग बसरा, इराक, शाम म्हणजे सीरिया असं ते पसरत गेलं. पुढे तो कुरकुरतो, की हिंदुस्थानात असताना या फळाला जो सुगंध आणि रंग होता तो इकडे उरला नाही. तिथली हवा, माती, पाणी इकडे कुठून येणार? 'माल नागपूरचाच, पण माती वेगळी, मग ती चव कशी येणार' हे कळमन्याच्या बाजारात मी अनेकदा ऐकलं आहे. मसूदीने अकराशे वर्षांपूर्वी तेच म्हटलं होतं.

लक्षात घ्या, बगदादमधला मुसलमान लेखक स्वतःच सांगतोय की फळ हिंदुस्थानचं. लपवाछपवी नाही. 'त्यांनी उचललं' असा आरोप ठेवायचा तर पुरावा त्यांनीच लिहून ठेवलेला आहे.

टोरांटो विद्यापीठातल्या अँड्र्यू वॉटसन या अर्थेतिहासकाराने 1974 मध्ये या साऱ्याला 'अरब कृषिक्रांती' असं नाव दिलं आणि 1983 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अठरा पिकं त्याने निवडली: भात, ऊस, कापूस, वांगी, पालक, केळी, लिंबू, नारंज वगैरे. ही पिकं इस्लामी राज्यांबरोबर पश्चिमेकडे सरकली, त्यामुळे सिंचन वाढलं, उन्हाळी पिकं आली, शहरं फुगली, असं त्याचं म्हणणं. हे वर्णन काही काळ फार लाडकं झालं. मग 2009 मध्ये मायकेल डेकर या इतिहासकाराने भात, कापूस, कठीण गहू आणि आर्टिचोक ही चार पिकं उचलून दाखवलं की ती इस्लामच्या आधीच तिकडे माहीत होती. टपरीवरच्या दुसऱ्या गड्याला आनंद व्हावा अशीच गोष्ट. पण डेकरच्या त्या चारांत नारंज नाही. रोमन लोकांना महाळुंग माहीत होतं, लिंबूही माहीत होतं. आंबट नारंज मात्र भूमध्य समुद्राकाठी मुसलमानांच्या काळातच पोचलं. वॉटसनने दावा ताणला असेल, पण या एका झाडापुरता तो तुटत नाही.

तरीही 'इस्लामने दिलं' म्हणताना मी थोडा अडखळतो. ओमानला रोप नेणारा खलाशी धर्मकार्य करत नव्हता. झाडाला कलम करता येतं, कलमा पढवता येत नाही. पण चौलपासून कोर्दोब्यापर्यंत व्यापाराची आणि ग्रंथांची एकच भाषा चालत होती, आणि सेव्हिलचा इब्न अल-अव्वाम बाराव्या शतकात शेतीवर जाडजूड अरबी ग्रंथ लिहीत होता, हेही खोटं नाही. ती सलग वाट नसती तर रोप बसऱ्यालाच थांबलं असतं. मग त्या वाटेचं श्रेय कोणाला द्यायचं? मी तर सरळ वाटेलाच देतो.

इथे नागपूरकराला एक धक्का सोसावा लागतो. मसूदीचं नारंज आणि आमचा संत्रा हे एक फळ नव्हे. आमचा संत्रा मँडरिन जातीचा, ढिल्या सालीचा, नखाने सुटणारा. आंबट नारंज म्हणजे पपनस आणि मँडरिन यांचा संकर. पपनस आई, मँडरिन बाप. म्हणजे नात्याने आमचा संत्रा नारंजाच्या बापाकडचा, काकाच म्हणा ना. आणि या सगळ्या गोतावळ्याचं मूळ गाव 2018 साली जनुकांच्या अभ्यासातून निघालं ते आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या डोंगरपट्ट्यात. हा गोतावळा जन्मला तेव्हा तिथे कुठलाच धर्म नव्हता, कारण माणूसच नव्हता.

'संत्रा' शब्दाचाही घोळ आहे. तो पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, असं काही जण मानत. पण बाबर हिंदुस्थानातल्या फळांचं वर्णन करताना 'संगतरा' लिहून गेला आहे, आणि तो वारला 1530 मध्ये. गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडून तेव्हा वीसच वर्षं झाली होती. एवढ्यात सिंत्र्याचं फळ आग्र्यापर्यंत पोचून त्याचं नावही रुळलं असेल, हे मला पटत नाही. गंमत उलट बाजूला आहे. गोडं संत्रं युरोपभर नेलं ते पोर्तुगीजांनी, म्हणून आज अरब माणूस त्याला 'बुर्तुकाल' म्हणतो, इराणी 'पोर्तेकाल', तुर्क 'पोर्ताकाल'. ज्यांनी नारंज जगाला दाखवलं, त्यांच्याच जिभेवर पोर्तुगाल बसलं.

नागपुरात संत्रा आला तो औरंगाबादहून, आजच्या छत्रपती संभाजीनगरहून. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी रोपं आणवून आपल्या बागेत लावली, असं सांगतात. औरंगाबादला फळबागा का होत्या, हे पाहायला गेलं की मलिक अंबर भेटतो. हबशी, बगदादच्या बाजारात विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर. 1610 मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. मातीच्या नळांतून, मध्ये मध्ये हवेचे मनोरे, कुठेही मोट नाही. नुसत्या उतारावर पाणी वाहतं. तंत्र इराणचं, पण इस्लामचं म्हणावं तर पॉलिबियस या ग्रीकाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच इराणातल्या अशा भुयारी पाटांचं वर्णन करून ठेवलंय. पुन्हा तेच. मूळ आधीचं, आणि ते शेकडो कोस नेऊन दख्खनच्या काळ्या दगडात उतरवणारा माणूस मुसलमान, तोही आफ्रिकेचा.

आणि ज्या शहराला आम्ही संत्रानगरी म्हणतो, ते वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून. राजा गोंड, धर्माने मुसलमान झालेला. त्याचा मुलगा चांद सुलतान याने जुम्मा तलाव बांधला. त्याला आम्ही शुक्रवारी म्हणतो, सरकारी कागदावर तो गांधीसागर आहे.

आता वरूड-मोर्शीचा संत्रा पेट्यांत भरून ट्रकने बांगलादेशकडे जातो. गेल्या काही वर्षांत तिथल्या सरकारने आयातीवरचं शुल्क वाढवत नेलं आणि इथल्या बागाईतदाराचे हिशेब कोलमडले. व्यापारी भाव पाडून मागतो, फळगळीची काळजी वेगळीच. सीमा ओलांडली की त्या फळाला कोणी संत्रा म्हणत नाही, नारंजही म्हणत नाही. बंगाली माणूस त्याला 'कमला' म्हणतो.