भौतिकशास्त्र ऑलिंपियाड : पहिल्या टप्प्याची (एनएसईपी) तयारी
मारतहळ्ळी (बेंगळूरु) परिसरातील मराठी पालक व विद्यार्थ्यांसाठी माहिती

योजना काय आहे?

भौतिकशास्त्र ऑलिंपियाड हा केंद्र शासनाच्या निधीवर चालणारा कार्यक्रम आहे. मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्याचे समन्वयन करते. पहिल्या टप्प्याची परीक्षा, म्हणजे एनएसईपी, इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स (आयएपीटी) ही शिक्षकांची संघटना घेते. भारत 1998 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतो. 2015 ची स्पर्धा मुंबईत भरली होती आणि 2018 मध्ये लिस्बन येथे पाचही भारतीय विद्यार्थ्यांनी सुवर्णपदक मिळवले.

ही शिष्यवृत्ती नाही, निवड परीक्षा आहे. 'ऑलिंपियाड' हे नाव लावून शाळाशाळांतून शुल्क गोळा करणाऱ्या खाजगी परीक्षा पुष्कळ आहेत. त्यांचा या कार्यक्रमाशी संबंध नाही. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाचे नाव वाचा.

कोण बसू शकते?

अट भारतीय नागरिकत्वाची, वयाची व इयत्तेची आहे. बारावी उत्तीर्ण होण्याआधीच ही परीक्षा देता येते. अधिवासाची अट नाही, त्यामुळे शिधापत्रिका लातूरची आणि मुलगी येथे पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, असे असले तरी अडचण नाही. जन्मतारखेची मर्यादा दरवर्षी बदलते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी.

नोंदणी व परीक्षा

नोंदणी आयएपीटीच्या संकेतस्थळावर, साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. परीक्षा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रविवारी असते. केंद्र निवडताना घरापासूनचे अंतर पाहा.

दोन तासांत 60 प्रश्न, एकूण 216 गुण. 48 प्रश्नांना एकच उत्तर बरोबर असते : बरोबर उत्तरास 3 गुण, चुकल्यास 1 वजा. उरलेल्या 12 प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. तेथे 6 गुण, मात्र सर्व बरोबर पर्याय निवडले तरच.

यातून निवडलेल्यांची आयएनपीएचओ ही लेखी परीक्षा होते, मग मानखुर्दला प्रशिक्षण शिबिर, आणि शेवटी पाच जणांचा संघ. पुढील टप्प्यांतील निवड गुणांवर होते, शुल्क भरून नव्हे.

तयारी कशी करावी?

मारतहळ्ळीच्या रिंग रोडवर शिकवण्यांचे फलक खूप दिसतात. वर्गाची फी परवडत नाही म्हणून परीक्षा सोडू नये. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर आहेत. एच. सी. वर्मा यांचे दोन भाग कोणा वरच्या वर्गातील मुलाकडून मागून घ्या. नवे प्रश्न सतत सोडवण्यापेक्षा चुकलेला प्रश्न आठवड्याने पुन्हा, उत्तर न पाहता सोडवावा.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी एक वही दोन रकान्यांची करावी : त्वरण – ॲक्सिलरेशन, संवेग – मोमेंटम, विभवांतर – पोटेन्शिअल डिफरन्स. या लेखाचे भाषांतर करणारी व्यक्ती मराठीची विद्यार्थिनी असल्याने हा सल्ला पक्षपाती वाटेल. पण संकल्पना कळलेली असते आणि शब्द अडतो, असे खरोखर घडते.

मोजमापाची सवय घरीच लावता येते. एक मीटर दोऱ्याला नट बांधून लोलक करा. एका आंदोलनाला सुमारे 2 सेकंद लागतात. मोबाइलचे घड्याळ थांबवताना 0.2 सेकंदाची चूक झाली, तर कालावधीत 10 टक्के आणि गुरुत्व त्वरणात सुमारे 20 टक्के फरक पडतो. तीच चूक 20 आंदोलने मोजताना झाली, तर हा फरक 1 टक्क्यावर येतो. त्रुटीचा असा विचार शिबिरात आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पाच तासांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत लागतो.

शेवटच्या महिन्यात दर रविवारी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवा. वजा गुणही मोजा. अंदाजाने ठोकलेली उत्तरे वेगळ्या खुणेने दाखवली, तर अंदाज किती महागात पडतो ते दुसऱ्या रविवारी लक्षात येते.