खंडेनवमी, पावणेनऊ

२२ सप्टेंबर २०२२. केदारनाथमागच्या चोराबारी हिमनदीवर बर्फ कोसळलं. १ ऑक्टोबरला त्याच भागात पुन्हा. इजा कुणालाच झाली नाही, म्हणून बातमी विरून गेली. गढवालच्या उतारांवर मात्र बर्फ साठतच होतं.

४ ऑक्टोबर, पहाट. दादरच्या फूल मंडईत झेंडूच्या गोणी उतरत होत्या. परळला घरी मी खंडेनवमीसाठी आइस-अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन आणि रोप पाटावर मांडत होतो. आम्हा गिर्यारोहकांची शस्त्रं हीच. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची मुलं तेव्हा ५,६७० मीटर उंचीच्या ‘द्रौपदी का डांडा-२’च्या वाटेवर होती.

सकाळी ८. माथा टप्प्यात आलेला. असा उतार वरून सगळा सारखाच पांढरा दिसतो. कोर्सला आमच्या सरांनी खड्डा खणून थर दाखवले होते. वरचा घट्ट, मधला साखरेसारखा रवाळ. बोट लावलं की मधला भराभर ओघळायचा. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा थर दडलेला असला, तर वरची अख्खी लादी सुटायला माणसांचं वजनही पुरतं.

८.४५. लादी सुटली. ३४ प्रशिक्षणार्थी आणि ७ प्रशिक्षक तिच्या तडाख्यात सापडले, कित्येक जण क्रेव्हासमध्ये, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेत, फेकले गेले. त्यांत प्रशिक्षिका सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते.

९.००. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर बहुधा वाचतो. पुढे मिनिटागणिक आशा घटते, कारण श्वासाच्या वाफेने तोंडापुढचं बर्फ गोठून हवा अडते. जे सुटले, तेच सोबत्यांना बाहेर काढत होते.

९.४५. संस्थेला खबर पोचली.

दुपार. हवाई दलाची चीता हेलिकॉप्टरं निघाली. टीव्हीवर शिवाजी पार्क आणि बीकेसीच्या उद्याच्या दसरा मेळाव्यांची चर्चा. उत्तरकाशी खालच्या पट्टीत. मित्रांचे फोन येत होते: “आपलं कुणी आहे का रे वर?”

रात्रीपर्यंत चार मृतदेह हाती आले. दोन दिवसांनी गुलमर्गहून लष्कराचं पथक आलं. एकूण एकोणतीस गेले: सत्तावीस प्रशिक्षणार्थी, आणि सविता व नौमी रावत या दोघी प्रशिक्षिका.

त्या हिवाळ्यात गिरगावची एक मुलगी कोर्सचा फॉर्म घेऊन घरी आली. मी तोच पाट काढला, त्यावर साखर पसरली, वर तिची वही ठेवली आणि पाट हळूहळू कलता केला.