दोष कोणाचा? लॅथ्रॉपच्या कामगारांची हकीकत

घरात पाळणा हलला नाही की बोट प्रथम स्त्रीकडे वळते. ही रीत एका देशाची वा एका काळाची नव्हे. वस्तुतः पुरुषाचे शुक्रजंतू मनुष्याच्या दृष्टीस पडून तीन शतकांहून अधिक काळ लोटला आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने १६७७ साली स्वतः घडविलेल्या भिंगातून ते पाहिले. परंतु त्यांची संख्या घटली तर ती का घटली, याचा शोध पुरुषाच्या ठायी घ्यावयास हवा, ही जाणीव समाजात फार सावकाश रुजली. ती ज्या घटनांनी दृढ केली, त्यांत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप गावची हकीकत विशेष बोधप्रद आहे.

तेथील एका रासायनिक कारखान्यात डीबीसीपी नावाचे कीटकनाशक तयार होत असे. केळी, अननस इत्यादी पिकांच्या मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी त्याने मरत. या विभागात काम करणाऱ्या पुरुषांच्या आपापसांतील बोलण्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली: त्यांच्यापैकी अनेकांना मुले होत नव्हती. १९७७ साली त्यांची तपासणी झाली. नसबंदी न केलेल्या २५ जणांपैकी १४ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू एक तर मुळीच नव्हते, किंवा अत्यल्प होते. ज्याचा त्या रसायनाशी संबंध अधिक काळ आला, त्याची हानीही अधिक दिसली. डॉ. डोनाल्ड व्हॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वृत्तांत त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्यांतील एक निष्कर्ष मननीय आहे. या पुरुषांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पौरुषाची लक्षणे राखणारे द्रव्य, यथास्थित होते. दोष बाहेरून दिसण्याजोगा नव्हता. तो केवळ सूक्ष्मदर्शकाखाली उघड झाला. पौरुष आणि जननक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

खेदाची गोष्ट अशी की, इशारा आधीच मिळाला होता. या रसायनाने उंदरांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले होते. तरीही सोळा वर्षे माणसे ते हाताळीत राहिली. १९७९ साली अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर थांबविण्यात आला. हवाईतील अननसाच्या मळ्यांना मिळालेली सवलतही पुढे १९८५ साली संपली. काही कामगारांचे शुक्रजंतू कालांतराने पुन्हा वाढले. काहींचे मात्र कधीच वाढले नाहीत.

असले विष हे विरळा कारण होय. नित्य आढळणारी कारणे अधिक साधी आहेत. वृषणाच्या शिरा फुगणे हे त्यांतील एक प्रमुख कारण असून ते पुष्कळदा शस्त्रक्रियेने दूर होते. वृषणाला शरीराहून किंचित कमी उष्णता मानवते. म्हणून भट्टीजवळचे काम किंवा तीव्र ज्वर यांनी संख्या घटू शकते. वयात आल्यावर झालेला गालगुंड, जंतुसंसर्गाने बुजलेली नलिका, संप्रेरकांतील बिघाड, जन्मजात गुणसूत्रदोष, तंबाखू, अतिमद्यपान, आणि शरीर कमावण्यासाठी घेतलेली संप्रेरके हीही कारणे आहेत. दर मिलिलिटरमागे सुमारे दीड कोटीहून कमी संख्या आज अल्प समजली जाते. शुक्रजंतू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो. म्हणून एकाच तपासणीवर निर्णय न देता ती काही काळाने पुन्हा करतात.

ही तपासणी सोपी आहे, वेदनारहित आहे. तरीही कित्येक घरांत पत्नीच्या वैद्यकीय तपासण्या आणि व्रतवैकल्ये वर्षानुवर्षे चालतात, आणि पती एकदाही दवाखान्याची पायरी चढत नाही. लॅथ्रॉपच्या कामगारांनी आपली शंका मोकळेपणाने बोलून दाखविली, म्हणून सत्य बाहेर आले. त्यांचे ते धैर्य घराघरांत आले, तर निष्कारण दोष माथी घेऊन जगणाऱ्या कित्येक स्त्रियांचा भार हलका होईल.