एकीकरणाच्या ५६ हालचाली

आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, अभ्यासक्रमात २४ 'तुल' आहेत. तुल म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ठरावीक क्रमाने केलेल्या हालचाली. अनेक तुलांना कोरियाच्या इतिहासातल्या माणसांची नावं आहेत. शेवटच्याचं नाव 'थोंग-इल', अर्थात एकीकरण. त्यात ५६ हालचाली आहेत.

हा महासंघ २२ मार्च १९६६ रोजी सोलमध्ये स्थापन झाला. संस्थापक जनरल चोई होंग-ही दक्षिण कोरियाच्या सैन्यातले, पण त्यांचं जन्मगाव फाळणीनंतर उत्तरेत गेलेलं. तरुणपणी ते जपानमध्ये कराटे शिकले होते. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्याशी बिनसल्यावर १९७२मध्ये ते कॅनडाला गेले आणि मुख्यालयही सोबत नेलं. पुढच्याच वर्षी सोलमध्ये दुसरा, 'जागतिक' महासंघ उभा राहिला. ऑलिम्पिकचं दार त्यालाच उघडलं: १९८८मध्ये सोलला प्रदर्शनीय खेळ म्हणून, २०००मध्ये सिडनीला पदकांसह.

चोईंनी मग उत्तरेकडे पाहिलं. १९८०मध्ये ते आपला चमू घेऊन प्याँगयाँगला गेले. दक्षिणेत ते देशद्रोही ठरले. उत्तरेत त्यांना राजाश्रय मिळाला. राजाश्रय फुकट मिळत नाही. अभ्यासक्रमात 'को-दांग' नावाचा एक तुल होता. को-दांग हे चो मान-सिक यांचं टोपणनाव. प्याँगयाँगचे हे राष्ट्रवादी नेते; १९४६मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना नजरकैदेत टाकलं. १९८०च्या दशकात हा तुल वगळला गेला. त्याच्या जागी आला 'जुछे', किम इल-सुंग यांच्या विचारसरणीचं नाव.

सॉफ्टवेअरमध्ये एखादी ओळ बदलली की कोणी, कधी बदलली याची नोंद राहते. इथे ती नोंद माणसांच्या शरीरात राहिली. आयटीएफबाहेरच्या काही शाळांमध्ये को-दांग अजूनही शिकवतात.

१५ जून २००२ रोजी चोई प्याँगयाँगमध्येच वारले. पाठोपाठ आयटीएफची तीन शकलं झाली. एकाचे प्रमुख त्यांचे चिरंजीव, दुसऱ्याचे उत्तर कोरियाचे चांग उंग, तिसऱ्याचे कॅनडास्थित त्रान त्रिएउ क्वान. तिन्ही गटांनी स्वतःला आयटीएफच म्हटलं.

२०१७मध्ये दक्षिणेतल्या मुजू इथे, प्रतिस्पर्धी महासंघाच्या जागतिक स्पर्धेत, उत्तर कोरियाच्या चमूने प्रात्यक्षिकं दाखवली. राजकारण्यांना न जमलेलं काही मिनिटं खेळाडूंनी करून दाखवलं. महासंघ मात्र वेगळे ते वेगळेच राहिले. थोंग-इल शिकवणारा आयटीएफ स्वतः कधी एक होईल, हा प्रश्न त्याच्या कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत.