खरखर घालवणारा ‘डॉल्बी’ आणि मापकावरची एक खूण

महाराष्ट्रात मिरवणुकीपुढे चालणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला सर्रास ‘डॉल्बी’ म्हटले जाते. ज्या संशोधकाच्या आडनावावरून हा शब्द रूढ झाला, त्याची पहिली ख्याती मात्र नकोसा आवाज कमी करण्यासाठी होती.

रे डॉल्बी (१९३३–२०१३) हे अमेरिकी अभियंते. १९५६ साली जगापुढे आलेल्या अँपेक्स कंपनीच्या व्हिडिओ टेपरेकॉर्डरच्या घडणीत त्यांचा तरुणपणीच वाटा होता. केंब्रिज विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवल्यानंतर १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आले आणि चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत त्यांनी काम केले. देशाला लागणारी वैज्ञानिक उपकरणे देशातच घडावीत, यासाठी ही संस्था उभी राहिली होती. भारतातून ते लंडनला गेले आणि १९६५ मध्येच त्यांनी ‘डॉल्बी लॅबोरेटरीज’ स्थापन केली.

त्यांच्यापुढचा प्रश्न जुनाच होता. चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण केले की फितीची स्वतःची बारीक खरखर त्यात मिसळते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते. पण तंबोऱ्याच्या मंद झंकारामागे ती स्पष्ट ऐकू येते. केवळ तीव्र स्वर दाबून खरखर घालवावी, तर संगीताचे तेजही तिच्याबरोबर जाते.

डॉल्बी यांचा उपाय दुहेरी होता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी फक्त मंद आवाज ठरावीक प्रमाणात उंचवायचे आणि ऐकताना ते नेमके तेवढेच खाली आणायचे. संगीत मूळ रूपात परत येते. मधल्या टप्प्यावर मिसळलेली खरखर मात्र खाली जाते. मोठ्या आवाजांना हात लावण्याची गरजच नसते. ‘ए ३०१’ या त्यांच्या पहिल्या यंत्रात हे काम चार कंप्रता-पट्ट्यांत स्वतंत्रपणे चाले आणि खरखर सुमारे १० डेसिबलने घटे. ब्रिटनची डेक्का ही ध्वनिमुद्रण कंपनी त्याची पहिली ग्राहक ठरली.

या पद्धतीचे मर्म तिच्या नियंत्रणात आहे. कोणता आवाज ‘मंद’, हे यंत्र पातळीवरून ठरवते. म्हणून मुद्रण करणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या यंत्रांत पातळीबाबत एकमत हवे. व्यावसायिक फितीच्या आरंभी त्यासाठी एक विशिष्ट सूर मुद्रित केला जाई. ऐकवणारा तंत्रज्ञ तो सूर लावून मापकाचा काटा ठरलेल्या खुणेवर येईपर्यंत बटण फिरवी. पातळी कमी राहिली, तर यंत्र मोठ्या आवाजांनाही मंद समजून दाबते आणि गाणे निस्तेज होते. जास्त झाली, तर तीव्र स्वर अकारण टोचतात व खरखरही उरते. हे बटण आवडीनिवडीचे नव्हते. ते कराराचे होते.

१९६८ साली घरगुती वापरासाठी आलेल्या ‘डॉल्बी बी’ने हे तंत्र पुढे कॅसेटपर्यंत पोहोचवले. श्रोत्याच्या हाती उरला तो एक खटका. डॉल्बीयुक्त कॅसेट खटका बंद ठेवून वाजवली की आवाज अधिक झळाळता वाटे. म्हणून अनेकांनी तो बंदच ठेवला. ती झळाळी मूळ गायनातली नव्हती, अर्धवट राहिलेल्या प्रक्रियेची होती.

जुन्या फितींचे डिजिटल रूपांतर करताना हा करार पुन्हा समोर येतो. फितीच्या डब्यावरील ‘डॉल्बी’ ही नोंद आणि आरंभीचा तो सूर निरुपयोगी समजून गाळला, तर पुढच्या पिढीला मूळ पातळी अंदाजानेच ठरवावी लागेल. ध्वनी जपायचा असेल, तर त्याच्यासोबत त्याचे मापही जपावे लागते.